ओपन शब्दाचा अर्थ

जरूड, ता. वरूड
११ नोव्हेंबर २०२४

शैलामॅडम यांस,
जानरावचा नमस्कार.

नितेशले आनलं त्या दिवशी तुमी अकोल्यावरून आल्या होत्या, त्याच्यानंतर आपलं बोलनं नाई. फोन लावला असता, पन फोनवर तुमाले नीट आयकू येत नाई हे मले माहीत हाये, अन् इथं नितेशची माय दुर्गा आजूबाजूले असते. म्हनून पत्र लिवून राहिलो. उत्तर घरच्या पत्त्यावर नोका पाठवू. वरूडले धम्मदीपचं कृषी केंद्र हाये, तिथं पाठवा. फवारनीचं औषध आनाले मी जातच असतो.

काम असं हाये. पोरगा तिकडं परदेशात पान्यात सापडला त्याची जी चौकशी चालू होती, तिचे कागद आले. रागिणीच्या ईमेलवर आले. दिवाळीले ती पुन्यावरून आली तवा छापून घेऊन आली. म्हने, बाबा, अपघात लिवला हाये, पाय घसरला अन् कालव्यात पडला, बस. तुमी ते वाचत नोका बसू.

ती गेली अन् मी वाचत बसलो. नितेशची शाळेतली डिक्शनरी काढली. पन एक शब्द सापडते तं चार सापडत नाई. कोरोनर म्हनजे काय? कोरोनाचा डॉक्टर असते काय? पोराले कोरोना झाला होता अन् त्यानं आमाले सांगतलं नाई, असं तं नाई? दुसरा शब्द इन्क्वेस्ट. तिसरा पर्सनल इफेक्ट्स. डिक्शनरीत इफेक्ट म्हनजे परिनाम. कोनाचे परिनाम? अन् खाली लिवलं हाये का जानेवारीच्या आखरीपर्यंत कळवलं नाई तं ते नष्ट करतीन.

शेवटच्या पानावर चौकटीत एकच शब्द हाये, ओपन. हा मले येते. दुकानाच्या पाटीवर असते. पन मानसाच्या मरनाच्या कागदावर ओपन काहून लिवते?

रागिणी अपघात म्हनते. अॅक्सिडेंटचं स्पेलिंग मले येते, पीकविम्याच्या कागदात गंज वेळा पायलं. मी सारे कागद बोट ठेवून पायले. तो शब्द एकाच जागी हाये, अन् त्याच्या आंधी ‘नॉट’ हाये.

तुमी त्याले इंग्रजी शिकवलं. तुमीच सांगा.

तुमचा
जानराव


जठारपेठ, अकोला
१८ नोव्हेंबर २०२४

श्री. जानरावजी यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुम्ही मला विचारलंत, हे बरं केलंत.

कोरोनर हा तिकडचा सरकारी अधिकारी. कुणाचा मृत्यू कसा झाला हे घरच्यांना, डॉक्टरांना सांगता येत नसेल, तर त्याचा शोध घेणं हे त्याचं काम. नितेशला कोरोना नव्हता, ती काळजी सोडा. पण तुमची शंका अगदीच वाट चुकलेली नाही. दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे, लॅटिनमधला मुकुट. त्या विषाणूला मुकुटासारखे काटे असतात, आणि हा अधिकारी पूर्वी राजमुकुटाच्या वतीनं काम करायचा. खरा उच्चार ‘कॉरनर’च्या जवळचा आहे, पण मराठीत तसं लिहिलं तर लोक रस्त्याचा कोपरा समजतील. आपण तुमचाच कोरोनर ठेवू.

इन्क्वेस्ट म्हणजे त्या अधिकाऱ्यानं केलेली चौकशी. कोर्टासारखी असते, पण तिथं आरोपी नसतो आणि शिक्षाही नसते.

पर्सनल इफेक्ट्स. इथं इफेक्ट म्हणजे परिणाम नव्हे. माणसाच्या अंगावरच्या, खोलीतल्या वस्तू, कपडे, घड्याळ, पुस्तकं, याला इंग्रजीत हाच शब्द वापरतात. नितेशचं सामान त्यांच्याकडे आहे. ते पाठवायचं की काय करायचं, एवढंच विचारलंय. त्याला उत्तर द्यायला वेळ आहे.

राहिला ओपन. त्याचा अर्थ एकट्या शब्दावरून सांगू नये. आधीची पानं पाहिल्याशिवाय मी काही लिहिणार नाही. सगळ्या कागदांची झेरॉक्स पाठवा.

मला आठवतं, अमरावतीला कॉलेजात पहिल्या वर्षाला तो माझ्या टेबलाशी आला तेव्हा त्याच्या हातात तुमच्या संत्र्याच्या औषधाची रिकामी बाटली होती. म्हणाला, मॅडम, हा फायटोप्थोरा फनं का सुरू होत नाही, पीएचनं का होतो, आणि मध्ये पुन्हा पीएच, टीएच कशाला? मी त्याला सांगितलं की शब्द ग्रीक आहे, एका बुरशीचं नाव, झाडाचा नाश करणारा असा अर्थ आहे. तो म्हणाला, आमच्याकडे त्याला डिंक्या म्हणते. त्यानंतर तो दर आठवड्याला एक विचित्र शब्द घेऊन यायचा.

दुर्गाबाईंना जपा.

आपली
शैला


जरूड
२५ नोव्हेंबर २०२४

शैलामॅडम यांस नमस्कार.

झेरॉक्स सोबत जोडली हाये.

तुमचं पत्र वाचल्यावर डोक्यात उजेड पडला. चौकशीच्या कागदावर ओपन लिवलं म्हनजे चौकशी अजून खुली हाये, असंच ना? पुलिस स्टेशनात केस ओपन हाये म्हनते तसं. म्हनजे अजून पाहून राहिले ते. कोनी पायलं असन, एखांदा कॅमेरा असन, कोनी येऊन सांगन. मी दुर्गेले तसंच सांगतलं. म्हटलं, सायेब लोक अजून तपास करून राहिले, सोडलं नाई त्यायनं. मॅडम, नऊ महिन्यानं ती बाई त्या दिवशी पोटभर जेवली.

आता रोज सकाळी इचारते, काई कळलं काय. मी म्हनतो, येळ लागते.

तुमाले खरं सांगतो, मले तपासाची गरज दुर्गेपेक्षा जास्त हाये. लोक तोंडावर बोलत नाई, पन मोठा भाऊ गजेंद्र बोलला. म्हने, पोरानं जीव देला असन तं साधं वर्षश्राद्ध चालत नाई, त्र्यंबकले जाऊन नारायण नागबळी करा लागते. दुर्गा आतून आली अन् म्हनाली, भाऊजी, माह्या पोरानं जीव देला हे तुमाले कोनं सांगतलं? गजेंद्रानं चप्पल घातली अन् गेला. तिनं माह्याकडं पायलं.

त्याचा व्हिसा संपत आला होता. लेस्टरचं शिक्षन झालं, मंग त्या दुसऱ्या लहान गावी कामाले गेला, त्याचं नाव मले अजून लिवता येत नाई. लेस्टर मी पयले लायसेस्टर म्हनत होतो. तो हासे. म्हने, बाबा, लिवलेलं सारं वाचाचं नसते. तिथं पक्की नोकरी भेटून नोती राहिली. शेवटच्या फोनवर म्हने, वापस यावं लागन वाटते. मी म्हटलं, ये ना, घर हाये. तो म्हने, पाहतो.

एवढंच बोलनं झालं. त्यातून काय समजाचं?

तपास कवा संपते ते पाहून सांगा.

जानराव


जठारपेठ, अकोला
३ डिसेंबर २०२४

श्री. जानरावजी यांस,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्ही एकटे असाल तेव्हा वाचा.

तपास संपला आहे. ऑक्टोबरमध्येच संपला. ओपन हा तपास चालू असल्याचा शिक्का नाही, तो तपासाचा निकाल आहे. आपल्याकडे जो अर्थ लोकांच्या तोंडी आहे त्याच्या अगदी उलट हा शब्द तिथं वापरतात. केस बंद केली, आणि बंद करताना लिहिलं की उत्तर खुलं राहिलं.

ज्या बाईंनी चौकशी केली त्यांनी चार पानं लिहिली आहेत. मी तुम्हाला त्यातलं मुख्य ते सांगते. त्या संध्याकाळी नितेश कामावरून निघाला. कालव्याच्या कडेनं जाणारी पायवाट त्याच्या खोलीकडे जायची. त्याला पाण्यात पडताना कुणी पाहिलं नाही. अंगावर मारहाणीची खूण नव्हती, पोटात दारू नव्हती. काठ ओला होता. त्यानं चिठ्ठी लिहिली नव्हती, कुणाला निरोपाचं बोलला नव्हता. खोलीत दुसऱ्या दिवशीचा डबा भरून ठेवला होता. दुसऱ्या बाजूला, नोकरीच्या काळजीनं तो डॉक्टरकडे गेला होता आणि झोपेची तक्रार केली होती, हेही त्यांनी नोंदवलं आहे.

मग त्या एकेक शब्द घेतात आणि बाजूला ठेवतात. अॅक्सिडेंट म्हणता येत नाही, कारण पाय घसरल्याचा पुरावा नाही. तुम्हाला सापडलेला ‘नॉट’ तो हा. मिसअॅडव्हेंचर असा एक शब्द आहे. त्यात साहस दिसतं, पण माणूस स्वतःहून काही करायला गेला आणि ते भलतंच झालं, असा त्याचा अर्थ. तोही त्यांनी ठेवला नाही. आणि त्यानं जाणूनबुजून जीव दिला असंही म्हणता येत नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे. काहीच सिद्ध होत नाही, म्हणून ओपन.

रागिणीनं तुम्हाला अपघात सांगितलं ते तुमच्या मायेपोटी. तिला रागावू नका.

आता मला जे माहीत आहे ते. नितेश तिकडून मला फोनवर शब्द पाठवायचा. मागच्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला त्यानं एक पाठवला, गाँगूझलर. मी शिकवण्यात आयुष्य काढलं, पण हा मला ठाऊक नव्हता. कालव्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या नावा नुसत्या बघत राहणारा माणूस. शब्द तिकडच्या नावाड्यांच्या बोलीतला आहे, त्याचं मूळ कुणालाच नक्की माहीत नाही. खाली नितेशनं लिहिलं होतं, ‘मॅडम, कामावरून आलो की मी हाच असतो. आपल्याकडे यासाठी शब्द नाही, कारण आपल्या कालव्याला पाणीच केव्हा असते.’

म्हणजे त्या काठावर तो रोज जायचा, त्याला तिथं बरं वाटायचं. हा पुरावा नाही, हे मला कळतं. आणि खरं सांगायचं तर पुढचंही सांगितलं पाहिजे. जानेवारीपासून त्याचे शब्द येणं थांबलं होतं.

यातलं दुर्गाबाईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

आपली
शैला


जठारपेठ, अकोला
२८ डिसेंबर २०२४

श्री. जानरावजी यांस,
सप्रेम नमस्कार.

माझं पत्र तुम्हाला मिळालं असणार. उत्तर आलं नाही. मी रागिणीला विचारलं, ती म्हणाली, बाबा बरे आहेत, संत्र्याच्या आंबिया बहाराच्या कामात आहेत. तेवढ्यावर मी थांबले.

उत्तर द्या असा माझा आग्रह नाही. फक्त त्याच्या सामानाची मुदत जानेवारीअखेर संपते, म्हणून लिहिलं. काय कळवायचं ते मला सांगितलंत तर मी इंग्रजीत लिहून पाठवीन.

आपली
शैला


जरूड
६ जानेवारी २०२५

शैलामॅडम यांस नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं होतं. धम्मदीपच्या दुकानात वाचलं. तो म्हने, काका, बसा, पानी घ्या. मी तसाच घरी आलो. वावरात गेलो नाई. कामात होतो असं रागिणीले मीच सांगतलं.

तुमच्यावर राग होता. आता नाई. मी जे इचारलं तेच तुमी लिवलं. पन मले काय वाटे, चौकशीवाल्यायले सारं माहीत असते. एवढा मोठा देश, एवढे कॅमेरे, पोट फाडून पायलं पोराचं, अन् शेवटी लिवलं काय, तं माहीत नाई.

आता एक काम करा माह्यासाठी. फेब्रुवारीत वर्ष होते. दुर्गा अजून तपासाची वाट पाहून राहिली. तिले खोटी आस लावून मी फसलो. आता तपास संपला म्हनून सांगनं हाये, तं काय निघालं तेबी सांगा लागन. तुमी एका कागदावर मराठीत लिवून द्या का चौकशीत अपघाती मृत्यू निघाला. खाली तुमची सही करा. रागिणीचं ती आयकत नाई, म्हनते का पोरगी माही समजूत काढून राहिली. माहं तोंड पाहून तिले खोटं समजते. पन तुमच्यावर तिचा भरोसा हाये. नितेश म्हने, मॅडम चुकीचा शब्द कवाच सांगत नाई.

गजेंद्राचंबी तोंड बंद होईन.

तुमाले काय लागते, मॅडम? एकच शब्द तं बदलवाचा हाये. तिचं उरलेलं आयुष्य सुदं जाईन.

जानराव


जठारपेठ, अकोला
१३ जानेवारी २०२५

श्री. जानरावजी यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आल्यापासून मी दोन कागद लिहिले आणि फाडले. त्यातल्या एकावर तुम्ही म्हणता तसंच लिहिलं होतं आणि सहीसुद्धा केली होती.

मी तो पाठवू शकत नाही. नियम म्हणून नव्हे. तुम्ही ज्या शब्दाची भीती बाळगून आहात तो त्या कागदात निकाल म्हणून कुठंच नाही, हे मला तुम्हाला पुन्हा सांगायचंय. त्या बाईंना तो लिहिता आला असता. व्हिसा, नोकरी, झोप, सगळं त्यांच्यापुढे होतं. त्यांनी लिहिला नाही. तसाच त्यांनी अपघात हाही लिहिला नाही. ज्यांनी त्याला जिवंतपणी कधी पाहिलं नव्हतं त्यांनी त्याच्याबद्दल अंदाजानं एक शब्दही लिहायचं नाकारलं. मी तर त्याला ओळखत होते. मग मी कसा लिहू?

आणि उद्या कुणी शिकलेला नातेवाईक घरात आला, त्यानं मूळ कागद वाचला, तर दुर्गाबाईंना वाटेल की मॅडमनी लपवलं त्या अर्थी ते वाईटच असणार. आज जो शब्द मोकळा आहे तो त्या दिवशी कायमचा बंद होईल.

मी येते जरूडला. तुम्ही, मी आणि दुर्गाबाई बसू. मी कागद वाचीन, एकेक वाक्य मराठीत सांगीन. त्यांना जे विचारायचं ते विचारू द्या. नाहीतर माझं डिसेंबरचं पत्र तुम्हीच त्यांना वाचून दाखवा. त्यात मी काही आडपडदा ठेवलेला नाही.

रागावलात तरी चालेल, पण तुटू नका.

आपली
शैला


जरूड
२० जानेवारी २०२५

शैलामॅडम यांना,
दुर्गाबाईचा नमस्कार.

माहं शिक्षन सातवी, अक्षर वाकडं हाये, समजून घ्या.

परवा यायनं मले वावरात बोलावलं. म्हने, बस. खिशातून तुमचं पत्र काढलं अन् वाचाले लागले. डबा भरून ठेवला होता तिथवर आले अन् थांबले. मी म्हटलं, वाचा. मंग ते डॉक्टरचं आलं, झोपेचं आलं. पुन्हा थांबले. मी म्हटलं, वाचा. सारं वाचून झालं तवा ते रडाले लागले. पोराले आनलं त्या दिवशी ते रडले नोते. लोकायचं चहापानी पाहत होते.

मी त्यायच्याजवळ बसून रायली. मलेबी रडू आलं, पन मंग आलं.

मॅडम, मले वाटे का तिथल्या लोकायले सारं माहीत हाये अन् घरच्यायलेबी माहीत हाये, अन् सारे मिळून मलेच सांगून नाई राहिले. वर्षभर मी सगळ्यायचे तोंडं पाहत होती. आता समजलं का कोनालेच माहीत नाई. मले त्याचं दुख हाये, पन एकटं पडल्यासारखं आता वाटत नाई.

तो रोज पानी पाहाले जाये हे मले माहीत नोतं. मले सांगे, माय, कामावरून आलो का झोपतो. झोप येत नाई हेबी सांगतलं नाई. मी त्याले जनम देला, पन माहा पोरगा मलेबी पुरा माहीत नोता. मंग त्या बाईले काय माहीत असन. तिनं माहीत नाई म्हनून लिवलं हे बरं केलं.

गजेंद्रभाऊजीले मी सांगतलं का नागबळी करत नाई. साधं श्राद्ध करू. तो कसा गेला हे सरकार म्हनत नाई तं आपुन कोन म्हननारे. त्या दिवशी येतो म्हने.

त्याच्या सामानाचं कळवा. कपडे तिथंच गरजूले देऊन टाका म्हना. जाकीट एवढं पाठवा म्हना, ते मी वरूडच्या बाजारातून घेऊन देलं होतं, तिथल्या थंडीत त्याचा उपेग झाला का नाई कोन जाने. अन् पुस्तकं सारी पाठवा.

आनखी एक. मले इंग्रजी येत नाई. यायनं कागद दाखवले तं मी नुसते पाहत बसली. पोराचं नाव कोनतं ते यायनं बोटानं दाखवलं. मंग मी त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स काढून बाजूले ठेवली अन् एक एक अक्षर जुळवलं. कागदावर एक अक्षर जास्त हाये. टी च्या पुढं खुर्चीसारखं एक अक्षर हाये, ते पासपोर्टवर तिथं नाई. दहावीच्या गुनपत्रिकेवरबी नाई. चारी पानावर तसंच हाये. तुमच्या ध्यानात आलं असन. यायले इचारलं तं म्हने, त्यानं काय होते.

मले समजते का त्यानं काई होत नाई. पन तो त्यायच्या कागदात कायमचा रायनार हाये. बाकीचं त्यायले समजलं नाई तं नाई. नाव तं बरोबर लिवावं.

तुमी त्यायले लिवान काय?

तुमची
दुर्गा


जठारपेठ, अकोला
२० मार्च २०२५

सौ. दुर्गाबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

श्राद्धाला येऊन गेल्यापासून तुम्हाला लिहायचं होतं, पण उत्तर येईपर्यंत थांबले.

ते जास्तीचं अक्षर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी शब्दांचे अर्थ शोधत होते, नाव पुन्हा वाचलंच नाही. ते एच अक्षर आहे. इंग्रजीत ते टीच्या पुढं आलं की टचा थ होतो, म्हणजे चारही पानांवर तो निथेश झाला होता. त्यांच्यासाठी आपलं नाव परकं, कानाला जसं वाटलं तसं कुणीतरी पहिल्या कागदावर लिहिलं आणि पुढं सगळ्यांनी तेच उतरवलं. मी तुमचं म्हणणं त्यांना जसंच्या तसं कळवलं, सोबत पासपोर्टची आणि गुणपत्रिकेची प्रत पाठवली.

काल उत्तर आलं. ज्या बाईंनी चौकशी केली होती त्यांनी स्वतः सही करून पाठवलं आहे. चुकीबद्दल क्षमा मागितली आहे, आणि लिहिलं आहे की हे पत्र आईच्या सांगण्यावरून आलं हे वाचून त्यांनी चारही पानं स्वतः दुरुस्त केली. जाकीट आणि पुस्तकं पाठवली आहेत, पुढच्या महिन्यात पोचतील. कपडे तिथल्या एका संस्थेला दिले.

दुरुस्त केलेले कागद सोबत जोडले आहेत. निकाल तोच आहे. ओपन. त्यात काही बदललं नाही, बदलणारही नाही. फक्त चारही पानांवर आता नितेश आहे. मी एकेक अक्षर जुळवून पाहिलं.

जानरावजींना नमस्कार सांगा.

तुमची
शैला